ओझे, तोल आणि वय

पाण्याने भरलेली बादली एका हातात घेऊन जाणाऱ्या माणसाकडे कधी नीट निरखून पाहिले आहे का? बादली उजव्या हातात असेल तर तो कमरेतून डावीकडे कलतो. मोकळा डावा हात अंगापासून दूर जातो. पावले आखूड पडतात. हे सारे त्याला कोणी शिकवलेले नसते, आणि विचारले तर आपण असे काही करत आहोत हे त्याला सांगताही येत नाही. पाचवीतली मुलगी बादली उचलताना हेच करते आणि पंचाहत्तर वर्षांच्या आजीही हेच करतात.

दोघींमध्ये फरक पडतो तो नंतर. बादली हिंदकळली, पाय जरासा घसरला, तर मुलगी पटकन एक पाऊल टाकून सावरते. फार तर पाणी सांडते. आजींना ते पाऊल तितक्या लवकर टाकता येत नाही. त्या पडल्या तर खुब्याचे हाड मोडू शकते, आणि त्यानंतर पूर्वीसारखे चालणे अनेकांना पुन्हा जमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात, आणि त्यांत साठीच्या पुढच्या माणसांचे प्रमाण सर्वाधिक आहे.

मग वय झाल्यावर ओझे उचलूच नये का? या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांत ठरलेले असते. ‘आई, तू राहू दे, मी घेतो पिशवी,’ असे म्हणून मुलगा पिशवी काढून घेतो. त्यात माया असते, पण उत्तर बरोबर असते का? विज्ञानाने हा प्रश्न विचारायला फार उशीर लावला. ओझे आणि तोल यांचा अभ्यास तीनशे वर्षांहून जुना आहे. त्यात म्हातारी माणसे आली ती मात्र गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत. असे का झाले आणि उशिरा का होईना हाती काय लागले, ते या लेखात पाहू.

फळीवर निजवलेला माणूस

ओझे घेतले की शरीर कलते, हे चित्रकारांच्या नजरेला शास्त्रज्ञांच्या आधी पडले. लिओनार्दो दा विंची याने चित्रकलेविषयीच्या आपल्या टिपणांत याची चर्चा केली आहे. एका खांद्यावर भार घेतलेल्या माणसाचे शरीर दुसऱ्या बाजूला का जाते, आणि तसे न दाखवल्यास चित्रातला माणूस पडेलसा का वाटतो, हे त्याला समजावून सांगायचे होते. हे निरीक्षण उत्तम होते, पण त्यात मोजमाप नव्हते.

मोजमाप केले ते जोव्हान्नी आल्फोन्सो बोरेल्ली या इटालियन गणितज्ञाने. प्राण्यांच्या हालचालींवरचा त्याचा लॅटिन ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६८०-८१ मध्ये प्रसिद्ध झाला. बोरेल्लीने एक फळी धारदार कडेवर तोलून धरली, तिच्यावर माणसाला निजवले आणि फळी आडवी स्थिर राहीपर्यंत पुढेमागे सरकवली. ज्या ठिकाणी तोल साधला, तिथे माणसाचा गुरुत्वमध्य असणार. तो कमरेच्या खाली, कटिभागात सापडला. आज आपण मुलांना सांगतो की उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून त्याच्या उंचीच्या सुमारे ५५ टक्के अंतरावर असतो. त्या वाक्याची सुरुवात या फळीपासून झाली.

बोरेल्लीच्या ग्रंथात पाठीवर आणि खांद्यावर ओझी घेतलेल्या माणसांच्या आकृत्या आहेत. त्यामागचा नियम साधा आहे. गुरुत्वमध्यापासून ओळंबा सोडला तर तो दोन पावलांनी व्यापलेल्या जागेत पडला पाहिजे. या जागेला आपण आधारक्षेत्र म्हणू. ओझे घेतले की माणूस आणि ओझे मिळून एक वस्तू होते आणि तिचा गुरुत्वमध्य ओझ्याच्या दिशेने सरकतो. ओळंबा पुन्हा आधारक्षेत्रात आणण्यासाठी शरीर उलट्या बाजूला कलते.

हे सरकणे किती असते? पन्नास किलो वजनाच्या बाईंनी पाच किलोची पिशवी एका हातात धरली आणि पिशवी शरीराच्या मध्यरेषेपासून २५ सेंटिमीटर दूर असली, तर एकत्रित गुरुत्वमध्य बाजूला सरकतो ५ × २५ ÷ ५५, म्हणजे सुमारे सव्वादोन सेंटिमीटर. तेच सामान अडीच-अडीच किलोच्या दोन पिशव्यांत वाटून दोन्ही हातांत घेतले तर बाजूला सरकणे शून्य. वजन तेवढेच, पण तोलावरचा परिणाम वेगळा. हा हिशोब आठवी-नववीची मुले सहज करू शकतात.

लायप्झिगची प्रयोगशाळा आणि शिपायाची पाठपिशवी

बोरेल्लीनंतर या विषयाला मोठी चालना मिळाली ती सैन्यामुळे. एकोणिसाव्या शतकातल्या पायदळाच्या शिपायाला बंदूक, काडतुसे, कपडे आणि शिधा असे सारे अंगावर वागवत दिवस दिवस चालावे लागे. हे ओझे अंगावर कुठे बांधले म्हणजे शिपाई कमी दमेल, हा सेनापतींच्या दृष्टीने गंभीर प्रश्न होता.

जर्मनीतल्या लायप्झिग येथे शरीररचनाशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्राउन आणि गणितज्ञ ओटो फिशर यांनी १८८९ मध्ये या विषयावर आपले काम प्रसिद्ध केले. ‘जर्मन पायदळ शिपायाच्या सरंजामाच्या संदर्भात मानवी शरीराचा गुरुत्वमध्य’ असाच त्याच्या नावाचा अर्थ आहे. त्यांनी पुरुषांचे मृतदेह गोठवले, म्हणजे मोजताना अवयव हलणार नाहीत. आणि संपूर्ण शरीराचा तसेच हात, पाय, मांडी, पोटरी अशा प्रत्येक भागाचा गुरुत्वमध्य काटेकोरपणे शोधला. मग तशाच बांध्याच्या जिवंत माणसाला सरंजामासह उभे करून हिशोब मांडला.

पुढे १८९१ मध्ये त्यांनी एका माणसाच्या अंगावर प्रकाश देणाऱ्या बारीक काचनळ्या बांधल्या, त्याला अंधारात चालायला लावले आणि एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी त्याच्या चालीची छायाचित्रे घेतली. तो आधी बिनओझ्याने चालला आणि नंतर शिपायाचा भार घेऊन. फिशरने या चित्रांवरून केलेली आकडेमोड पुढे कित्येक वर्षे चालली आणि तिचे खंड १८९५ ते १९०४ या काळात निघाले. माणसाच्या चालीचे त्रिमितीतले इतके नेमके गणित त्याआधी कोणी केलेले नव्हते.

हे काम मोठे होते यात शंका नाही. तरीही एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. या अभ्यासातला ‘मानव’ म्हणजे शिपायाच्या बांध्याचा, सुदृढ, प्रौढ पुरुष. त्याच्या शरीराची मापे पुढे अनेक दशके साऱ्या माणसांची मापे म्हणून वापरली गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातही चित्र फारसे बदलले नव्हते. अमेरिकेत फ्रान्सेस हेलेब्रांट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये ओझ्याचा उभ्या माणसाच्या स्थैर्यावर होणारा परिणाम मोजला. ते ओझे होते सैनिकाच्या पाठीवरचे. पैसा आणि निकड जिथे होती, तिथले प्रश्न आधी विचारले गेले. बाजारातून भाजी आणणाऱ्या म्हाताऱ्या बाईंसाठी प्रयोगशाळा उघडावी असे कोणाला वाटले नव्हते.

उभे राहणे म्हणजे स्तब्ध राहणे नव्हे

गोठवलेल्या देहावरून गुरुत्वमध्य कळतो, पण तोल कसा सांभाळला जातो हे कळत नाही. त्यासाठी जिवंत प्राण्यांकडे आणि आजारी माणसांकडे पाहावे लागले.

फ्रान्समध्ये पिएर फ्लुरॉं याने १८२० च्या दशकात कबुतरांच्या आंतरकर्णातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांना इजा केली, तेव्हा कबुतरांना ऐकू येत राहिले, पण त्यांचा तोल गेला. कानात ऐकण्याखेरीज आणखी काहीतरी आहे, याचा हा पुरावा होता. ते काय आहे याचा उलगडा १८७० च्या दशकात अर्न्स्ट माख, योसेफ ब्रॉयर आणि अलेक्झांडर क्रम ब्राउन या तिघांनी स्वतंत्रपणे केला. डोके वळले की नलिकांतला द्रव मागे रेंगाळतो आणि त्यावरून मेंदूला वळण्याची जाणीव होते.

बर्लिनचे डॉक्टर मोरिट्झ रोमबर्ग यांनी १८४० च्या दशकात दुसरा धागा दाखवला. मज्जारज्जूच्या एका विकारात पायांकडून येणाऱ्या संवेदना नाहीशा होतात. असा रोगी डोळे उघडे ठेवून उभा राहू शकतो, पण डोळे मिटले की डोलू लागतो आणि पडतो. म्हणजे डोळे, आंतरकर्ण आणि पायांतल्या संवेदना हे तोलाचे तीन खबरे आहेत. एक गेला तर उरलेले दोघे बरेचसे भागवून नेतात. दोघे गेले तर मात्र भागत नाही.

याच हेलेब्रांट यांनी १९३९ मध्ये जेनेव्हीव्ह ब्राउन यांच्यासह एक वेगळा अभ्यास प्रसिद्ध केला होता. तीन वर्षांच्या मुलांपासून ८६ वर्षांच्या वृद्धांपर्यंत सर्वांना शांत उभे करून त्यांचे शरीर किती डोलते ते त्यांनी मोजले. अगदी स्तब्ध कोणीच उभे राहत नाही. आपण सतत किंचित पुढेमागे झुकत असतो आणि पोटऱ्यांचे स्नायू आपल्याला परत आणत असतात. हे डोलणे लहान मुलांत जास्त, तरुणांत कमी आणि म्हातारपणी पुन्हा जास्त असते. वय आणि तोल यांचा संबंध आकड्यांत दिसू लागला तो इथे.

घरोघर जाणारा डॉक्टर

वृद्धांच्या पडण्याचा अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू केला तो इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन गावच्या जोसेफ शेल्डन या डॉक्टरांनी. रुग्णालयात येतात तेवढेच वृद्ध पाहून म्हातारपण समजणार नाही, असे त्यांचे मत होते. म्हणून त्यांनी गावातल्या वृद्धांच्या घरी जाऊन त्यांची पाहणी केली. ती १९४८ मध्ये पुस्तकरूपाने आली. पुढे १९६० मध्ये त्यांनी २०२ वृद्धांच्या ५०० पडण्यांची छाननी प्रसिद्ध केली. कोण कुठे पडले, त्या वेळी काय करत होते, पाय अडखळला की नुसतेच गुडघ्यांतले बळ गेले, हे सारे त्यांनी विचारून नोंदवले. जिना ही धोक्याची जागा आहे हे त्यातून ठळकपणे पुढे आले.

तोवर ‘म्हातारे माणूस पडायचेच’ असा समज होता आणि तो डॉक्टरांचाही होता. शेल्डन यांनी दाखवले की पडण्याला कारणे असतात, ती निरनिराळी असतात आणि ती शोधता येतात. १९६३ मध्ये त्यांनी वयानुसार शरीराचे डोलणेही मोजले.

पुढचे पाऊल १९७७ सालचे. ब्रिटनमध्ये ओव्हरस्टॉल आणि सहकाऱ्यांनी पडलेल्या आणि न पडलेल्या वृद्धांचे डोलणे ताडून पाहिले. ज्यांचा तोल आपोआप गेला किंवा चक्कर येऊन जे पडले, त्यांचे डोलणे जास्त होते. पण जे नुसते अडखळून पडले होते, त्यांचे डोलणे न पडलेल्यांइतकेच निघाले. म्हणजे पडणे ही एक गोष्ट नाही. ज्याचा उभ्याचा तोल उत्तम, तोही उंबऱ्याला अडखळून पडू शकतो.

अमेरिकेत मेरी टिनेटी आणि सहकाऱ्यांनी ७५ वर्षांवरच्या ३३६ माणसांवर वर्षभर लक्ष ठेवले. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या वर्षात त्यांच्यापैकी ३२ टक्के माणसे निदान एकदा पडली. एकच दोष असलेल्यांपेक्षा दोषांची संख्या जास्त असलेल्यांना पडण्याचा धोका कितीतरी अधिक होता. नजर थोडी मंद, पाय थोडे अशक्त, औषधाची थोडी गुंगी असे थोडे थोडे मिळून मोठे संकट होते.

डोक्यावर, पाठीवर की हातात?

याच सुमारास ओझ्याच्या अभ्यासातही शिपायाखेरीज दुसरी माणसे येऊ लागली होती. दत्ता आणि रामनाथन या भारतीय संशोधकांनी १९७१ मध्ये ओझे वाहण्याच्या सात पद्धतींची तुलना प्रसिद्ध केली. ओझे तेच, ३० किलोचे. ते निम्मे छातीवर आणि निम्मे पाठीवर बांधले, डोक्यावरच्या टोपलीत ठेवले, पाठपिशवीत घेतले, शेर्पांसारखे कपाळावरच्या पट्ट्याने पाठीवर पेलले, पोत्यासारखे पाठीवर टाकले, कावडीत टांगले आणि शेवटी दोन्ही हातांत धरले. सर्वांत कमी ऊर्जा लागली ती पुढेमागे वाटलेल्या ओझ्याला. डोक्यावरचे ओझे जवळजवळ तितकेच स्वस्त पडले. हातांत धरलेले ओझे सर्वांत महाग, पहिल्यापेक्षा सुमारे ४४ टक्क्यांनी जास्त ऊर्जा खाणारे ठरले.

१९८६ मध्ये केनियातल्या लुओ आणि किकुयू जमातींच्या स्त्रियांविषयीचा एक निष्कर्ष गाजला. स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतके ओझे डोक्यावरून किंवा कपाळपट्ट्याने नेताना त्यांना जादा ऊर्जा जवळजवळ लागत नव्हती. पुढे २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेत झालेल्या अभ्यासात मात्र असा फायदा सरसकट दिसला नाही. बाईगणिक फार फरक पडला. डोक्यावर चुंबळ आणि तिच्यावर हंडा-कळशी घेऊन जाणाऱ्या आपल्याकडच्या स्त्रियांना हे कोडे अनोळखी वाटणार नाही.

पण इथे दोन प्रश्नांची गल्लत होऊ द्यायची नाही. ऊर्जा किती लागते हा एक प्रश्न. तोल किती टिकतो हा दुसरा. दीडशे सेंटिमीटर उंचीच्या, पन्नास किलो वजनाच्या बाईंनी दहा किलोचा हंडा डोक्यावर घेतला तर एकत्रित गुरुत्वमध्य सुमारे १४ सेंटिमीटरने वर जातो. बाजूला तो अजिबात सरकत नाही, म्हणून सरळ वाटेवर चाल डौलदार राहते. तळहातावर पेन्सिलीपेक्षा लांब काठी तोलणे सोपे जाते, तसे उंचावर गेलेले वजन सावकाश कलते. मात्र एकदा कलले की ते परत सरळ करायला स्नायूंना जोर जास्त लावावा लागतो. तरुण स्नायू हे करू शकतात. साठीनंतर स्नायूंचे बळ भराभर घटू लागते आणि झटक्यात जोर लावण्याची क्षमता तर त्याहून लवकर कमी होते.

पाण्याचा पेला

तोलाच्या अभ्यासातला मला सर्वांत बोलका वाटणारा प्रयोग स्वीडनमधला आहे. उमेओ येथील लिलेमोर लुंडीन-ओल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक छोटेसे निरीक्षण प्रसिद्ध केले. आश्रयगृहात राहणाऱ्या ५८ वृद्धांबरोबर चालताना त्यांच्याशी गप्पा मारल्या. बारा जण बोलण्यासाठी चालता चालता थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या बारांपैकी दहा जण पडले. तरुणपणी चालणे आपोआप होते. ज्यांना चालण्याकडे सारे लक्ष द्यावे लागते, त्यांच्याकडे बोलायला लक्ष उरत नाही.

पुढच्याच वर्षी त्यांनी पिण्याच्या पाण्याचा पेला आणला. वृद्धांनी खुर्चीतून उठायचे, तीन मीटर चालायचे, वळून परत येऊन बसायचे. याला लागणारा वेळ मोजण्याची चाचणी आधीपासून वापरात होती. या वेळी ती दोनदा केली, एकदा रिकाम्या हातांनी आणि एकदा हातात भरलेला पेला धरून. पेला घेतल्यावर ज्यांना रिकाम्या हातांनी लागलेल्या वेळेपेक्षा साडेचार सेकंद किंवा त्याहून अधिक जादा वेळ लागला, ते पुढच्या सहा महिन्यांत पडण्याची शक्यता अधिक निघाली.

पेल्याचे वजन ते किती! त्याने गुरुत्वमध्य कितीसा सरकणार? बोरेल्लीच्या हिशोबात हे ओझे नगण्य आहे. पण पाणी सांडू नये म्हणून मनावर जो भार पडतो तो नगण्य नाही. सैनिकांच्या अभ्यासात हा भार कधी दिसला नव्हता, कारण तरुण माणसाला तो जाणवतच नाही.

हातात वस्तू असण्याचा आणखी एक परिणाम कॅनडातल्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवला. अचानक धक्का बसला की आपण जवळचा कठडा पकडायला हात टाकतो. पण हातात आधीच काही असेल तर अनेकदा ते सोडून कठडा धरण्याचे सुचत नाही; ती वस्तू तोल सावरायला मुळीच उपयोगाची नसली तरी हात तिला धरूनच राहतो. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिना उतरणाऱ्या माणसाचा धोका इथे आहे. पिशव्या समान वजनाच्या असल्या म्हणजे गणित जुळले, पण कठडा धरायला हात कुठे आहे?

आणि माणसे प्रत्यक्षात पडतात कशी? व्हँकुव्हर भागातल्या दोन आश्रयगृहांत बसवलेल्या कॅमेऱ्यांनी टिपलेल्या २२७ पडण्यांचा अभ्यास स्टीफन रोबिनोविच आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. घसरून पडणे अगदी क्वचित, सुमारे तीन टक्के होते. अडखळून पडणे सुमारे २१ टक्के. सर्वांत मोठे कारण, सुमारे ४१ टक्के, होते शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर चुकीच्या रीतीने टाकणे. म्हणजे उठताना, वळताना, थांबताना गुरुत्वमध्य आधारक्षेत्राबाहेर गेला आणि पाऊल वेळेवर तिथे पोचले नाही. बोरेल्लीचा ओळंबा तीनशे वर्षांनी आश्रयगृहाच्या चित्रफितीत भेटला.

बाजारहाटाची पिशवी

मग भाजीची पिशवी? तिलाही अखेर प्रयोगशाळेत जागा मिळाली. ब्रिटनमध्ये बॅम्पोरास आणि ड्यूहर्स्ट यांनी २०१६ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध केला. सत्तरीच्या आसपासच्या नऊ आणि तरुण दहा अशा स्त्रियांना दीड किलो आणि तीन किलोच्या खरेदीच्या पिशव्या कधी एका हातात, कधी दोन्ही हातांत देऊन उभे केले आणि चालवले. या ओझ्यांमुळे वृद्ध स्त्रियांचा तोल बिघडला नाही आणि चालही बिघडली नाही.

हे वाचून लगेच ‘म्हाताऱ्यांनी खुशाल ओझी वाहावीत’ असे म्हणायचे नाही. या स्त्रिया निरोगी होत्या, पिशव्या हलक्या होत्या, जमीन सपाट होती आणि माणसे मोजकी होती. विज्ञानातला कोणताही निष्कर्ष असा त्याच्या अटींसकट वाचायला मुलांना शिकवले पाहिजे. तरीही या निष्कर्षाचे महत्त्व कमी नाही. सत्तरीची बाई आणि तीन किलोची पिशवी म्हणजे धोकाच, हा समज त्याने तपासून पाहिला आणि तो टिकला नाही.

सारा इतिहास एकत्र पाहिला की एक चित्र तयार होते. प्रत्येकाकडे तोलाची काही शिल्लक असते. पायांचे बळ, नजर, आंतरकर्ण, तळव्यांची संवेदना, मोकळे हात आणि मोकळे लक्ष या साऱ्यांची ती शिल्लक. ओझे त्यातून थोडे खर्च करते. तरुणाची शिल्लक इतकी मोठी असते की हा खर्च दिसतच नाही; म्हणून शिपायांचा अभ्यास करणाऱ्यांना मुख्यतः थकव्याचाच प्रश्न दिसला. वयाबरोबर शिल्लक घटते आणि मग एक पेलाही जड होतो. ओझे किती किलोचे यावरून धोका ठरत नाही. कोणाच्या शिल्लकेतून ते किती घेते यावरून ठरतो.

शिवाय ही शिल्लक वाढवता येते. निरनिराळ्या देशांतल्या चाचण्या एकत्र करून २०१९ मध्ये केलेल्या आढाव्यानुसार, वृद्धांनी नियमित व्यायाम केला तर पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते. त्यात तोलाचे आणि पायांचे व्यायाम विशेष उपयोगी पडतात. उलट, सगळी कामे हातातून काढून घेतली की पाय आणखी दुबळे होतात. म्हणून ‘काही उचलू नकोस’ या सल्ल्याऐवजी आणखी नेमके सांगता येईल. सामान दोन फेऱ्यांत आणावे. सपाट वाटेवर ते दोन्ही हातांत वाटून घ्यावे. जिन्यावर मात्र एक हात कठड्यासाठी मोकळा ठेवावा आणि सामान खांद्याच्या किंवा पाठीवरच्या हलक्या पिशवीत घ्यावे. पुढचे पाऊल दिसणार नाही असे मोठे खोके छातीशी धरू नये. आणि ओझे घेऊन चालणाऱ्या वृद्ध माणसाला मागून हाक मारू नये; बोलायचे असेल तर जवळ जाऊन, थांबून बोलावे.

वर्गात करून पाहण्यासाठी

बोरेल्लीची फळी शाळेत सहज उभी करता येते. दोन मीटर लांबीच्या मजबूत फळीचे एक टोक विटेवरच्या त्रिकोणी लाकडी पट्टीवर आणि दुसरे टोक वजनकाट्यावर ठेवा. दोन्ही टोके सारख्या उंचीवर असू द्या. काट्याचे वाचन लिहून घ्या. मग विद्यार्थ्याला फळीवर असे निजवा की त्याचे तळवे पट्टीच्या बरोबर वर येतील. वाचनातल्या वाढीला २०० ने गुणून विद्यार्थ्याच्या वजनाने भागा. तळव्यांपासून गुरुत्वमध्याचे अंतर सेंटिमीटरमध्ये मिळेल. चाळीस किलोच्या, दीडशे सेंटिमीटर उंचीच्या मुलीसाठी वाढ साडेसोळा किलो आली तर उत्तर येते ८२.५ सेंटिमीटर, म्हणजे उंचीच्या ५५ टक्के. मग तिच्या छातीवर एक-दोन किलोची पुस्तके ठेवून वाचन पुन्हा घ्या. या वेळी भागाकार मात्र मुलगी आणि पुस्तके यांच्या एकत्रित वजनाने करायचा.

दुसरा प्रयोग तोलाच्या तीन खबऱ्यांचा. मुलांना एका पायावर उभे राहायला सांगून डोळे उघडे असताना आणि मिटल्यावर किती सेकंद टिकतात ते मोजा. मग जाड गादीवर उभे करून तेच पुन्हा मोजा. शेजारी एकाने आधाराला उभे राहावे. हा प्रयोग घरी आजी-आजोबांवर करू नये, हे मुलांना बजावून सांगा.

आजी-आजोबांसाठी काम वेगळे आहे. मुलांनी आठवडाभर फक्त पाहावे आणि लिहावे. घरातले वृद्ध माणूस दिवसात काय काय उचलते? ते कोणत्या हातात धरते? जिन्यावर काय करते? चालताना कोणी बोलले तर थांबते का? उंबरा, पायरी, मोरीची ओली फरशी यांपैकी कुठे त्यांची चाल बदलते? शेल्डन यांनी वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये घरोघर जाऊन जे केले, त्याचीच ही छोटी आवृत्ती आहे. नोंदी वर्गात एकत्र करा आणि कोणाच्या घरी काय बदलता येईल याची चर्चा करा. कुठे जिन्याला कठडा हवा असेल, कुठे मोरीतला दिवा, कुठे पाच किलोच्या एका पिशवीऐवजी अडीच किलोच्या दोन. ते बदलायचे की नाही, हे मात्र आजींना विचारून ठरवायला मुलांना सांगा.